हॉगवर्ट्समध्ये नेमकं काय शिकवतात? विषय, वर्षं आणि नेहमी होणाऱ्या चुका

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांतला बराचसा काळ हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या वर्गात जातो, आणि त्या वर्गांचा अभ्यासक्रम वरवर वाटतो त्यापेक्षा फार बारकाईने बांधलेला आहे. मंत्र म्हटला, छडी फिरवली, काम झालं, असं तिथे जवळजवळ कधीच घडत नाही. प्रत्येक विषयाचे स्वतःचे नियम आहेत, मर्यादा आहेत आणि ठरावीक चुकाही आहेत. विषय समजून घ्यायचा तर कुणाला काय जमलं यापेक्षा कुणाचं काय बिघडलं तिकडे लक्ष द्यावं. नियम तिथेच उघडे पडतात.

आधी ढाचा. वयाच्या अकराव्या वर्षी प्रवेश आणि एकूण सात वर्षं. पहिल्या वर्षापासून सात विषय सक्तीचे: ट्रान्सफिगरेशन म्हणजे रूपांतर, चार्म्स म्हणजे मंत्रविद्या, पोशन्स म्हणजे काढे आणि रसायनं, हर्बॉलॉजी म्हणजे वनस्पतिविद्या, काळ्या जादूपासून बचाव, जादूचा इतिहास आणि ॲस्ट्रॉनॉमी म्हणजे खगोलशास्त्र. शिवाय पहिल्या वर्षी झाडूवरून उडण्याचे धडे. दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत मुलं पुढचे विषय निवडतात. भविष्यकथन, जादुई प्राण्यांची निगा, अंकविद्या, प्राचीन रून लिपी आणि मगल-अभ्यास, म्हणजे जादू न येणाऱ्या माणसांचा अभ्यास, या पाचांतून किमान दोन घ्यावे लागतात. पाचव्या वर्षाच्या शेवटी आउल ही परीक्षा, सातव्याच्या शेवटी न्यूट. ब्रिटनमधल्या ओ लेव्हल आणि ए लेव्हलवर हे बेतलंय; आपल्याकडच्या वाचकाने दहावी-बारावी डोळ्यांसमोर आणली तरी चालेल. परीक्षकसुद्धा बाहेरून येतात.

पहिल्या वर्षाच्या सामानाची यादीही बोलकी आहे: एक छडी, दोन नंबरच्या मापाची प्यूटर या मिश्रधातूची कढई, काचेच्या किंवा स्फटिकाच्या कुप्यांचा संच, एक दुर्बीण, पितळी तराजू आणि ड्रॅगनच्या किंवा तसल्याच कातड्याचे हातमोजे. छडी एकच, बाकी सगळा प्रयोगशाळेचा संसार. यावरून कळतं की निम्मं शिक्षण मोजमाप, निरीक्षण आणि हात न भाजता काम करणं याचंच आहे.

रूपांतर आणि मंत्रविद्या: गल्लत इथेच होते

हे दोन विषय वाचकांना सारखे वाटतात, कारण दोन्हीत छडी लागते आणि दोन्हीत वस्तूला काहीतरी होतं. फरक मात्र मुळातला आहे. मंत्रविद्येत वस्तू तीच राहते, तिला नवा गुण किंवा नवी हालचाल मिळते. पीस तरंगतं, पण पीसच असतं. अननस टेबलावर नाचतो, पण अननसच असतो. पहिल्या वर्षाची परीक्षा हीच होती, अननस नाचवून दाखवणं. रूपांतरात वस्तूचं मूळ रूपच बदलतं: काडेपेटीतल्या काडीची सुई होते, उंदराची तपकिरीची डबी होते.

रूपांतराची चढण फार विचारपूर्वक आखली आहे. पहिल्याच तासाला काडीची सुई, कारण दोन्ही निर्जीव, दोन्ही लांबट, आकारही जवळजवळ तोच. तरीही तास संपेपर्यंत अख्ख्या वर्गात फक्त हॅरीची हुशार मैत्रीण हर्माइनी हिची काडी चंदेरी आणि टोकदार झालेली असते. वर्षअखेरीस सजीवाचं निर्जीव, म्हणजे उंदराची डबी. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत उलटा प्रवास, चहाच्या किटलीचं कासव. पेपर झाल्यावर मुलं एकमेकांना विचारत होती ते ऐकण्यासारखं आहे: कुणाच्या कासवाला शेपटीच्या जागी किटलीची चोच राहिली होती, कुणाच्या कवचावर किटलीची निळी नक्षी तशीच होती, कुणाचं कासव वाफ सोडत होतं. रूपांतर अर्धवट राहिलं की जुन्या वस्तूच्या खुणा अशा मागे राहतात. चौथ्या वर्षी साळूसारख्या काटेरी हेजहॉगची टाचण्यांची उशी करायची होती. डीन थॉमसची उशी दिसायला बरी होती, पण टाचणी जवळ नेली की घाबरून गुंडाळी करायची. रूप बदललं होतं, स्वभाव नव्हता. शिक्षिका मॅकगोनागल गुण देताना नेमकं हेच तपासतात, आणि हा विषय एवढा अवघड का, ते या एका उशीवरून कळतं.

पाचव्या वर्षी वस्तू नाहीशी करणं शिकवतात. त्याचा नियम सरळ आहे: प्राणी जितका गुंतागुंतीचा, तितकं काम कठीण. म्हणून आधी गोगलगाय, मग उंदीर, मग मांजरीचं पिल्लू. शून्यातून वस्तू उत्पन्न करणं त्याहून वरचं, ते न्यूटच्या वर्षांत येतं. सहाव्या वर्षी माणसाचं रूपांतर, आणि तेही सुरुवातीला फक्त भुवयांचा रंग बदलण्यापुरतं.

या सगळ्यावर रूपांतराचा गॅम्पचा नियम आहे. त्याला पाच मुख्य अपवाद आहेत, त्यांतला पहिला अन्न. जादूने शून्यातून जेवण तयार होत नाही. ते कुठे आहे हे ठाऊक असेल तर जवळ बोलावता येतं, थोडं असेल तर वाढवता येतं, बदलताही येतं. पण काहीच नसेल तर काहीच नाही. शेवटच्या पुस्तकात हॅरी, हर्माइनी आणि त्यांचा मित्र रॉन रानोमाळ उपाशी फिरतात ते यामुळेच. हा नियम नसता तर जादूगारांच्या जगात गरिबी, नोकरी, दुकानं यांना काहीच अर्थ उरला नसता.

मंत्रविद्येत चूक होते ती उच्चारात, हाताच्या हालचालीत किंवा डोक्यातल्या गोंधळात. पीस तरंगवण्याच्या तासाला रॉन पवनचक्कीसारखे हात फिरवत असतो; हर्माइनी त्याला सांगते की ‘विंगार्डियम’मधला ‘गार’ लांबवायचा. शिक्षक फ्लिटविक बरुफियो नावाच्या जादूगाराचं उदाहरण देतात: त्याने ‘फ’च्या जागी ‘स’ म्हटलं आणि तो जमिनीवर आडवा, छातीवर रेडा. तिसरी चूक परीक्षेच्या दडपणातली. आउलच्या प्रात्यक्षिकात हॅरीने रंग बदलायचा आणि आकार वाढवायचा हे दोन मंत्र एकमेकांत मिसळले. नारिंगी व्हायचा तो उंदीर फुगून बिज्जूएवढा झाला. सहाव्या वर्षापासून मंत्र मनातल्या मनात म्हणायला लावतात. फायदा हा की समोरच्याला तुम्ही काय करणार ते आधी कळत नाही. पण उच्चाराचा आधार गेल्यावर एकाग्रता दुप्पट लागते आणि बरीच मुलं ओठांतल्या ओठांत पुटपुटून वेळ मारून नेतात.

पोशन्स: क्रम, माप आणि धीर

तळघरातल्या या वर्गात छडीचं काम जवळजवळ नाहीच. शिक्षक स्नेप पहिल्याच तासाला तसं बजावतो. पहिला काढा गळवं बरी करण्याचा. त्यात वाळलेली खाजरी नेटल, सापाचे कुटलेले सुळे, शिजवलेल्या शिंगवाल्या गोगलगायी आणि साळिंदराचे काटे जातात. यातली मेख एकच: काटे घालण्याआधी कढई विस्तवावरून उतरवायची. फोडणीचं तेल तापलेलं असताना त्यात ओली भाजी टाकली तर काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलने कढई विस्तवावर असतानाच काटे घातले. हिरवा धूर निघाला, वर्गमित्र शेमसच्या कढईचा वितळून गोळा झाला आणि जो काढा गळवं घालवणार होता त्यानेच नेव्हिलच्या अंगभर गळवं उठवली. जिन्नस बरोबर, माप बरोबर. क्रम तेवढा चुकला.

पाचव्या वर्षीच्या शांतीच्या काढ्यात चूक दुसऱ्या प्रकारची आहे. कृतीतली एक ओळ अशी: मूनस्टोनची पूड घाला, घड्याळाच्या उलट दिशेने तीनदा ढवळा, सात मिनिटं मंद उकळू द्या, मग हेलेबोरच्या पाकाचे दोन थेंब घाला. हॅरी हे दोन थेंब विसरला. वर तरंगायला हवी होती चंदेरी विरळ वाफ, येत होती काळपट. एका ओळीत चार कामं असली की शेवटचं सुटतं, ही स्वयंपाकाच्या पुस्तकातून शिकणाऱ्या कुणालाही होणारी चूक आहे. शिवाय या काढ्यात हात सैल सुटला आणि माप जास्त पडलं, तर पिणारा गाढ झोपेत जातो आणि कधी कधी उठतच नाही. त्या दिवशीचा गृहपाठ होता मूनस्टोनच्या गुणधर्मांवर बारा इंच चर्मपत्र. हॉगवर्ट्सचे निबंध शब्दांत नाही, लांबीत मोजतात, त्यामुळे मोठं अक्षर काढून जागा भरणारे तिथेही आहेतच.

तिसरी गोष्ट अनुभवाची. सहाव्या वर्षी हॅरीला एक जुनं पाठ्यपुस्तक मिळतं, त्याच्या समासात छापील कृतीत केलेले बदल लिहिलेले असतात. सोपोफोरस नावाची बी कापायला सांगितली आहे. समासात लिहिलंय की चांदीच्या सुरीच्या चपट्या बाजूने ती दाबा, रस जास्त निघतो. घड्याळाच्या उलट ढवळत राहायला सांगितलंय. समासात आहे की दर सातव्या फेरीनंतर एकदा सुलट ढवळा. दोन्ही बदलांनी काढ्याचा रंग लगेच हवा तसा होतो. पुस्तक पाठ करणाऱ्या हर्माइनीचं त्या दिवशी अडतं. स्नेपच्या विषयाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पदार्थाशी इतकी जवळीक दुसऱ्या कुठल्या विषयात दिसत नाही.

विषाच्या उताऱ्याचा नियम गोल्पालॉटचा: अनेक विषं एकत्र केली तर त्याचा उतारा म्हणजे वेगवेगळ्या उताऱ्यांची नुसती बेरीज नव्हे, तिच्यात आणखी काही घालावं लागतं. अवघड वाटलं तर बेझोआर हा पळवाटेचा उपाय आहे. बकरीच्या पोटात सापडणारा हा खडा बहुतेक विषांवर चालतो असं पुस्तकात आहे. ही कल्पना लेखिकेने हवेतून काढलेली नाही. विषावर उतारा म्हणून बेझोआरला खऱ्या जगात शतकानुशतकं किंमत होती, आणि अस्सल खडे महाग पडत म्हणून 17व्या शतकात गोव्यातले जेझुइट पाद्री कृत्रिम खडे बनवत. ‘गोवा स्टोन’ म्हणून ते युरोपात विकले जात, सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवले जात आणि खरवडून पेयातून घेतले जात. स्नेपच्या पहिल्या तासातली वनस्पतींची नावंही खरीच आहेत. वर्मवुड हे आपल्या दवण्याच्या कुळातलं आहे, आणि मंक्सहूड, वुल्फ्सबेन व ॲकोनाइट ही तिन्ही एकाच वनस्पतीची नावं. आपल्याकडचा बचनाग त्याच कुळातला, तितकाच विषारी.

हर्बॉलॉजी: कानांवर मफ, हातात मोजे

पोशन्सला माल पुरवतो तो हा विषय. दुसऱ्या वर्षी तीन नंबरच्या काचघरात मँड्रेकची रोपं मोठ्या कुंडीत लावतात. पद्धत अशी: आधी कानांवर मफ घट्ट बसवायचे, शिक्षिकेने अंगठा वर केल्याशिवाय काढायचे नाहीत, झुपका धरून रोप जोरात उपटायचं, खाली मुळाच्या जागी चिखलाने माखलेलं, किंचाळणारं बाळ असतं, ते मोठ्या कुंडीत कोंबून फक्त पानं वर दिसतील इतकं खत घालायचं. मोठ्या मँड्रेकची किंकाळी ऐकणारा मरतो. रोपाची किंकाळी जीव घेत नाही, पण काही तास बेशुद्ध करते. नेहमीची अडचण मफची नसतेच. मँड्रेकला मातीतून बाहेर यायचं नसतं आणि एकदा आल्यावर परत जायचंही नसतं. हॅरीची एका जाड्या बाळाला कुंडीत बसवण्यात दहा मिनिटं जातात. तयार होईपर्यंत महिने लागतात. ती एकमेकांच्या कुंडीत शिरायला लागली की वयात आली असं समजायचं, मग ती कापून त्यांचा काढा होतो आणि त्या वर्षी शाळेत दगड होऊन पडलेली मुलं उठतात. खरा मँड्रेक भूमध्य सागराच्या परिसरात उगवतो, धोत्रा आणि वांगं ज्या कुळातली त्याच कुळातला. उपटताना तो किंचाळतो ही युरोपातली जुनी लोकसमजूत आहे.

काळ्या जादूपासून बचाव हा विषय शिक्षकांमुळे बदनाम आहे, दरवर्षी नवा माणूस येतो आणि वर्षअखेरीस जातो. तरी शिकवण्याची पद्धत किती महत्त्वाची असते ते इथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिसऱ्या वर्षीचे शिक्षक ल्युपिन यांचा बोगार्टचा तास घ्या. बोगार्ट समोरच्याला ज्याची सर्वांत जास्त भीती तेच रूप घेतो. ल्युपिन आधी विचारतो, आपल्याला त्याच्यावर कोणती मात आधीच मिळाली आहे? उत्तर: आपण खूप जण आहोत, त्यामुळे कुणाचं रूप घ्यावं हे त्याला कळणार नाही. दोघांना एकाच वेळी घाबरवायला गेलेला एक बोगार्ट शेवटी अर्धी गोगलगाय होऊन बसला होता. मग ‘रिडिक्युलस’ हा मंत्र, आणि त्याआधी भीतीला हास्यास्पद कसं करायचं याचं चित्र मनात पक्कं करणं. चित्र पक्कं नसेल तर मंत्र वाया जातो, कारण बोगार्टला हरवतं ते हसणं. याउलट पाचव्या वर्षी नव्या शिक्षिका अंब्रिज यांच्या तासाला छड्या पिशवीत, पुस्तक उघडं, धडा वाचा, बोलू नका. प्रात्यक्षिकाचा सराव बंद झाल्यावर मुलांनी चोरून स्वतःचा वर्ग भरवला आणि सुरुवात प्रतिस्पर्ध्याच्या हातातली छडी उडवण्याच्या साध्या मंत्रापासून केली. हा क्रम बरोबर होता.

इतिहास शिकवणारे बिन्स हे भूत आहेत आणि गॉब्लिनांची बंडं, राक्षसांची युद्धं एका सुरात वाचून दाखवतात. इतका रंजक मजकूर इतका वाया गेलेला पाहून वाईट वाटतं. खगोलशास्त्राचा वर्ग सर्वांत उंच मनोऱ्यावर मध्यरात्री भरतो आणि तिथे जादू अशी नाहीच: दुर्बीण, ताऱ्यांचा नकाशा, गुरूचे चंद्र. पाचव्या वर्षीच्या निबंधात ज्वालामुखी युरोपावर नाही तर आयोवर आहेत, युरोपा बर्फाने झाकलेला आहे, ही हर्माइनीची दुरुस्ती खऱ्या खगोलशास्त्राची आहे.

तिसऱ्या वर्षाची निवड

बारा विषय एकाच वेळी घेणं शक्य आहे, पण तास एकमेकांवर येतात. हर्माइनीला ते जमलं ते काळ मागे फिरवणाऱ्या टाइम-टर्नरमुळे, आणि तरी वर्ष संपेपर्यंत तिने भविष्यकथन आणि मगल-अभ्यास सोडून दिले. मुलांना सल्ला द्यायचा तर दोन, फार तर तीन घ्यावेत.

भविष्यकथनात पहिला धडा चहाच्या चोथ्याचा. कप तळापर्यंत प्यायचा, डाव्या हाताने तीनदा गोल फिरवायचा, बशीवर पालथा घालून सगळं पाणी निथळू द्यायचं आणि मग तो जोडीदाराला वाचायला द्यायचा. कृती अगदी नेमकी, अर्थ मात्र बघणाऱ्यावर अवलंबून. हीच या विषयाची कमजोरी. अंकविद्येत आकड्यांच्या तक्त्यांवरून भाकीत काढतात आणि मेहनत खूप आहे. रून लिपीचा उपयोग प्रत्यक्ष आहे. मुख्याध्यापक डंबलडोरने हर्माइनीला दिलेलं गोष्टींचं पुस्तक त्याच लिपीत होतं. तिथे चूक होते ती जवळजवळ सारख्या नावांत: परीक्षेत हर्माइनीने ‘एहवाझ’ आणि ‘आइहवाझ’ यांची अदलाबदल केली आणि भागीदारीच्या जागी बचाव लिहिलं. मगल-अभ्यासात मगलांना विजेची गरज का असते यावर निबंध असतो. जादूगार घराण्यात वाढलेल्या मुलांना हा विषय सक्तीचा असता तर बरं झालं असतं.

प्राण्यांच्या निगेत शिक्षक हॅग्रिडचा हिप्पोग्रिफचा, म्हणजे अर्धा गरुड आणि अर्धा घोडा असलेल्या प्राण्याचा, तास सगळ्यांना आठवतो. नियम: नजर हलवू नका, पापण्या फार मिटू नका, वाकून नमस्कार करा आणि थांबा. त्याने परत वाकून दाखवलं तरच पुढे जा, नाहीतर हळूच मागे या. पिसं ओढायची नाहीत, आणि अपमान तर मुळीच नाही. मॅल्फॉयने शेवटचा नियम मोडला आणि हातावर पंजा बसला. दुसऱ्या टोकाला फ्लॉबरवर्म, ज्यांना काहीच लागत नाही. वर्षअखेरीची परीक्षा एवढीच की अळी तासभर जिवंत राहिली पाहिजे, आणि तिला एकटं सोडलं की ती मजेत राहते. वर्षाच्या मध्ये मात्र काहींना जास्त लेट्यूस खायला घातल्याने ती मेली होती.

या साऱ्यात एक मोठं भगदाड आहे. अकराव्या वर्षानंतर ही मुलं गणित, भाषा, परकीय भाषा यांतलं काहीच शिकत नाहीत. बारा इंच निबंध लिहायचा, पण लिहिणं कुणी शिकवत नाही.

गुण आणि पुढचा रस्ता

आउलला उत्तीर्ण श्रेणी तीन: आउटस्टँडिंग, एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स, ॲक्सेप्टेबल. नापास श्रेणीही तीन: पुअर, ड्रेडफुल आणि ट्रोल. सकाळी लेखी, दुपारी प्रात्यक्षिक, असं दोन आठवडे चालतं. पुढच्या दोन वर्षांसाठी नुसतं पास होऊन भागत नाही. स्नेप न्यूटच्या वर्गात फक्त आउटस्टँडिंगवाले घेतो, त्याच्या जागी आलेला स्लगहॉर्न एक पायरी खालचेही घेतो. हॅरीला पोशन्स पुढे मिळालं ते त्यामुळेच. काळी जादू करणाऱ्यांना पकडणारा ऑरर व्हायचं तर किमान पाच न्यूट लागतात, आणि एकातही एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्सच्या खाली श्रेणी चालत नाही. नेव्हिलला आजीच्या सांगण्यावरून रूपांतर हवं होतं, पण तिथे त्याची श्रेणी ॲक्सेप्टेबलच होती. मॅकगोनागलने ते नाकारलं आणि चांगली श्रेणी असलेल्या चार्म्सकडे त्याला वळवलं.

सहाव्या वर्षी आणखी एक शिक्षण असतं, ते शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरचं: अपॅरेशन, म्हणजे एका जागेवरून गडप होऊन दुसऱ्या जागी प्रकट होणं. बारा आठवड्यांचा वर्ग, फी बारा गॅलियन, म्हणजे जादूगारांची सोन्याची नाणी, आणि जादू मंत्रालयाचा शिक्षक. प्रत्येकासमोर लाकडी कडं ठेवतात, त्याच्या आत पोहोचायचं. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: जागा ठरलेली हवी, जाण्याचा निश्चय हवा आणि घाई नको. निश्चय कमी पडला की शरीराचा एखादा भाग मागे राहतो. सुझन बोन्सचा डावा पाय पाच फूट मागे जुन्याच जागी राहिला होता आणि तो परत जोडावा लागला. परवाना सतराव्या वर्षानंतर मिळतो आणि परीक्षक सवलत देत नाहीत: रॉन पहिल्या परीक्षेत नापास झाला तो अर्धी भुवई मागे राहिली म्हणून.